आत्याबाईंचे उरलेले थेंब

"एक डोया तं आहे ना वं तुले!"

हे वाक्य मला इतक्या जणांनी ऐकवलंय की पुढच्या वेळी कोणी म्हटलं तर मी सरळ सांगणार आहे, मग तुमचाही एक काढून ठेवा डब्यात, दुसरा आहेच. लोक वाईट नसतात. समजूत काढायला म्हणून बोलतात. पण समजूत काढायलाही थोडी अक्कल लागते, आणि ती आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला येताना कोणी सोबत आणत नाही. केळी आणतात.

माझं नाव शोभा. शेलूबाजारजवळ एका खेड्यात आमची भाजीची वाडी आहे. वांगी, टमाटे, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवतो आणि बाजारात मी स्वतः विकायला बसते. घरी आमचे हे, म्हणजे माझे मालक, आणि माझी सासू. सासूला मी आत्याबाई म्हणते. मुलगी लग्न होऊन गेली. वाडीच्या पलीकडे थोडं सोयाबीन असतं, घरापुरतं. त्या सोयाबीनने माझा उजवा डोळा घेतला. म्हणजे सुरुवात त्याने केली, बाकीचं आम्ही घरच्यांनी मिळून केलं.

हे लिहिते कारण अकोल्याच्या वॉर्डात माझ्या आजूबाजूला सगळ्या आमच्यासारख्याच बाया-माणसं होती. कोणाच्या डोळ्यात कुटार गेलेलं, कोणाच्या तुरीची काडी, कोणाला बैलाची शेपटी लागलेली. धीर कसा धरावा वगैरे मला सांगता येणार नाही. मी धीर धरला नव्हता, मी चिडलेली होते. अजून आहे.

कुटार

सोयाबीन काढलं की थ्रेशर बोलावतात. यंत्राच्या तोंडातून दाणे एका बाजूला पडतात आणि भुसा, ज्याला आम्ही कुटार म्हणतो, तो दुसऱ्या बाजूला उडतो. वारा फिरला आणि ते माझ्या तोंडावर आलं. डोळ्यात काहीतरी टोचलं. चोळला. पाणी मारलं. आत्याबाईंनी पदराचा बोळा केला, तोंडाची वाफ दिली, तो डोळ्यावर दाबला. लहानपणापासून हेच पाहिलंय. डोळ्यात कुटार गेलं म्हणून डॉक्टरकडे जाणारी बाई आमच्या गावात अजून जन्माला यायची आहे. आभाळ भरून आलं होतं, ढीग उघडा पडला होता, मी पुन्हा कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी डोळा लाल. उजेडाकडे पाहवेना. आता आत्याबाईंचं सांगायला पाहिजे. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात शिबिरात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, आणि ते इतकं छान झालं की सुईत दोरा त्या ओवायच्या आणि मला चिडवायच्या. ऑपरेशननंतर मिळालेल्या थेंबांची बाटली त्यांनी देवाच्या कोनाड्यात जपून ठेवली होती. तुम्ही हसू नका. तुमच्याही घरात असेल, जाऊन पाहा. मोतीबिंदूवाल्याची उरलेली बाटली आमच्याकडे कोणी फेकत नाही. गल्लीत कोणाचाही डोळा आला की ती बाहेर निघते.

"टाक वं, चांगलं औषध आहे," आत्याबाई म्हणाल्या. "माया डोया कसा काचेवानी झाला, पाह्यलं ना? ये, मीच टाकतो."

मला ओसरीवर निजवलं, पापणी वर केली, "नारायण, नारायण" म्हणत थेंब टाकले. मायेनं टाकले. ते मी नाकारत नाही.

आणि बाप्पा, गुण आला! दोन दिवसांत लाली गेली. मी बाजारात बसले. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होते, सासूच्या थेंबांनी डोळा बरा झाला. बाटली संपली तेव्हा हे रिकामी बाटली घेऊन मेडिकलमध्ये गेले, तीच दुसरी घेऊन आले. कोणाला झालं, काय झालं, कोणी विचारलं नाही. आम्ही टाकत राहिलो.

मग दुखणं परत आलं, आणि ते पहिल्यासारखं नव्हतं. डोळ्यामागून कवटीत कोणी खिळा ठोकतंय असं. आत्याबाईंनी पापणी वर करून पाहिलं. काळ्या बुबुळावर पांढरा ठिपका होता.

"फूल पडलं वाटते," त्या हळूच म्हणाल्या आणि माझी पापणी सोडून दिली.

बाटली कोणी दिली

कारंज्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी यंत्रातून एकदा पाहिलं आणि म्हणाले, घरी जाऊ नका, इथूनच अकोल्याला जा. मी म्हटलं, मेथी काढून ठेवली आहे. ते म्हणाले, मेथी राहू द्या. त्यांच्या तोंडाकडे पाहून मला पहिल्यांदा भीती वाटली. एसटीत मी डावा डोळा झाकून पुन्हा पुन्हा पाहत होते. ड्रायव्हर दिसत नव्हता. पुढचा उजेड दिसत होता फक्त, चुलीवरच्या धुरातून दिसावा तसा.

अकोल्याला एक तरुण डॉक्टरीण होती. बाहेरगावची, बोलणं पुस्तकातलं, पण माणूस चांगलं. तिने डोळा बधिर केला आणि बुबुळावरचा पांढरा थर बारीक पात्याने खरवडून काचेवर घेतला. दुखत नाही. पण पातं येताना दिसतं. त्याबद्दल कोणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

संध्याकाळी ती आली. "बुरशी आहे," म्हणाली. "आतापर्यंत काय टाकत होतात?"

ह्यांनी खिशातून बाटली काढून दिली. तिने लेबल वाचलं आणि डोळे मिटून घेतले.

"हे कोणी दिलं?"



मग तिने खाटेच्या कडेला बसून समजावलं. मला कळेल असं समजावलं, याबद्दल तिचे उपकार आहेत. म्हणाली, "या थेंबांत स्टेरॉइड आहे. डोळा लाल होतो तेव्हा तुमचं शरीर राखण करत असतं. स्टेरॉइड राखणदाराला झोपवतं. लाली जाते, तुम्हाला बरं वाटतं, आणि आत बुरशी मोकळी चरते."

"मंग बुरशीचं औषध नाई काय?" मी विचारलं.

"आहे. पण बुरशी जंतूंसारखी परकी नसते. तिची पेशी बरीचशी आपल्या पेशीसारखीच असते. तिच्या पेशीच्या आवरणात एक पदार्थ असतो, फक्त तो आपल्यात नसतो. थेंब जाऊन त्याला चिकटतात आणि तिला वाढू देत नाहीत. गोळी तो पदार्थ तयारच होऊ देत नाही. औषधाला घाव घालायला एवढी एकच जागा. आणि ती इतकी आपल्यासारखी आहे, म्हणून तिला मारताना थोडं आपल्यालाही लागतं. लिव्हरला लागतं, कातडीला लागतं. ते सोसावं लागेल."

ती गेल्यावर ह्यांनी बाटलीचं लेबल पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "करपा आला तं आपन किडीचं औषध नाई मारत."

खरंच. टमाट्यावर करपा पडला की आम्ही रोगट पान तोडतो, पिशवीत घालतो, शेलूबाजारला दुकानात नेऊन दाखवतो. दुकानदार बुरशी म्हणाला तर बुरशीचं, अळी म्हणाला तर अळीचं. चुकीचं मारलं तर झाड जळतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला कळतं.

"टमाट्याचं पान नेतो दाखवाले," मी म्हटलं. "डोया नाई नेला."

हे रडले. मला रडायची बंदी होती, औषध वाहून जातं म्हणून.

दह्यासारखे थेंब

बुरशीचे थेंब पांढरे, घट्ट, पातळ दह्यासारखे. बाटली हलवून टाकायचे, दर तासाला, दिवसा आणि रात्रीही. ते डोळ्यात बसतात, पापण्यांना चिकटतात, वाळले की चुना लावल्यासारखं दिसतं. आगही होते. आणि इतकं करून ते आतवर जात नाहीत, म्हणून मधूनमधून पुन्हा ते खरवडणं. मी दारात पातं दिसलं की ह्यांचा हात धरायची आणि नखं रुतवायची. त्यांच्या मनगटावर अजून खुणा आहेत. असू द्या, माझ्याही आहेत.

ह्यांनी आयुष्यात घरात पेला उचलून ठेवला नव्हता. पण थेंब चुकवला नाही. खाटेखाली सतरंजी टाकून पडायचे, मोबाईलचा गजर वाजला की उठायचे. "उघड वं," म्हणायचे, बाकी काही नाही. मी शिव्या द्यायची. खरंच द्यायची. बाजूच्या खाटेवर अनसिंगची एक बुढी होती, ती म्हणायची, "दे माय, दे. मोठ्यानं दे, माया बुढ्याच्या वाट्याच्याही दे, तो तं आलाच नाई." तिच्यामुळे हसले तेवढं हसले.

घरून आत्याबाईंचा रोज फोन यायचा. "थेंब चालू आहेत ना? माया बाटलीतलेच ना?" ह्यांनी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. "हो," म्हणायचे.

रंग

थेंबांनी भागेना म्हणून गोळी सुरू केली. आता हे जरा नीट वाचा, कारण याबद्दल कोणी मला आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. सांगितलंही असेल. त्या गर्दीत शंभर सूचना असतात, कानात एक राहते.

गोळी घेऊन थोडा वेळ झाला आणि वॉर्ड उजळला. भिंतीचा मळका रंग लखलखायला लागला. खिडकीच्या कडेला हिरवी-पिवळी झालर लागली. मी घाबरून डोळे मिटले, तर उजव्या डोळ्यात, त्या मेलेल्या डोळ्यात, उजेड फिरत होता. निळा, मग हळदीसारखा पिवळा, मग लाटा. मी उठून बसले.

"अवो! दिसून राह्यलं! उजव्यानं दिसून राह्यलं मले!"

हे धावले. "काय दिसते? मी दिसतो काय?"

"रंग दिसते! मोप रंग!"

माणूस इतका आनंदाने वेडा झालेला मी कधी पाहिला नव्हता. बाहेर जाऊन पेढे आणले, वॉर्डभर वाटले, अनसिंगच्या बुढीला दोन दिले. घरी फोन केला. आत्याबाईंनी मारुतीला नारळ फोडला आणि गल्लीत सांगून आल्या, माझ्या सुनेला दिसायला लागलं. पोरीने तिच्या सासरहून फोन केला, ती रडत होती, मी तिला म्हटलं रडू नको, आता सगळं ठीक आहे.

डॉक्टरीण राउंडला आली तेव्हा ह्यांनी पेढ्याचा डबा पुढे केला. तिने पेढा घेतला नाही. माझा डावा डोळा झाकला.

"माझा हात दिसतो?"

"रंग दिसते."

"हात?"

मी पाहत राहिले. लाटा होत्या. हात नव्हता.

"ताई," ती म्हणाली, "हे गोळीचं आहे. या गोळीने बऱ्याच जणांना असे रंग दिसतात, ज्यांचे डोळे चांगले आहेत त्यांनाही. गोळी बंद झाली की जाईल. घाबरू नका."

घाबरू नका! मी घाबरले नव्हते, बाई. मला आनंद झाला होता. ह्यांनी डब्याचं झाकण लावलं. वॉर्डातल्या ज्यांनी पेढे खाल्ले होते ते सगळे दुसरीकडे पाहायला लागले. घरी फोन करून काय सांगायचं हे आम्हाला दोघांनाही कळेना, म्हणून त्या दिवशी फोन केलाच नाही.

त्यानंतरही रोज गोळी घेतली की रंग यायचे. आधी चीड यायची. नंतर नंतर, खोटं कशाला बोलू, मी त्यांची वाट पाहायला लागले.

ऊन

घरी सोडलं तेव्हा गोळी चालूच होती. उन्हात जाऊ नका, म्हणाले होते. वाडीवाल्या बाईला उन्हात जाऊ नका! मी सकाळच्या कोवळ्या उन्हात वांगी तोडायला गेले, डोक्यावर पदर, लांब बाह्यांचा ह्यांचा सदरा. दुपारपर्यंत तोंड असं पेटलं की उकळतं पाणी पडावं. कातडी लाल झाली, मग काळी पडली, मग सालं निघाली. जेवण जात नव्हतं, तोंडाला कडू चव. रक्त तपासलं तर लिव्हर सुजत चाललेलं, म्हणून गोळी कमी केली.

बाजारात बसले तर बाजूच्या बाईने आपली टोपली सरकवून घेतली. मी इतकी वर्षं तिच्या शेजारी बसते. नेहमीच्या एका गिऱ्हाइकाने सांबाराची जुडी हातात घेतली, माझ्या तोंडाकडे पाहिलं, जुडी खाली ठेवली. "बुरशी झाली म्हनते ना तुले? भाजीले नाई ना लागत?"

"भाजीले नाई लागत," मी म्हटलं. "जिभेले लागते. तुयी जीभ दाखव बरं." गिऱ्हाईक गेलं ते आजतागायत आलं नाही.

घरी आले, तोंडाला कोरफड लावून पडले. आत्याबाई जवळ आल्या. म्हणाल्या, "देवानं येवढा तरी ठेवला म्हन. देवाची मर्जी, बाई. आपल्या हाती काय?"

माझ्या आत काहीतरी तुटलं. ह्यांनी इतके दिवस झाकून ठेवलेलं मी एका दमात सांगून टाकलं. देवाची मर्जी नव्हती, बाटलीची होती. तुमच्या बाटलीने लाली गेली आणि आत डोळा खाल्ला. डॉक्टरांनी सांगितलं, विचारा तुमच्या लेकाला.

हे दारात उभे होते. आत्याबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. ते नाही म्हणाले नाहीत.

आत्याबाई उठून मागच्या खोलीत गेल्या. त्या दिवशी जेवल्या नाहीत. पुढे कित्येक दिवस माझ्यासमोर जेवायला बसल्या नाहीत, सुईत दोरा ओवला नाही, गल्लीत गेल्या नाहीत. हे मला म्हणाले, कायले सांगितलं? म्हातारीचा जीव घेतला. मी म्हटलं, माझा डोळा गेला तेव्हा कोणी कोणाला असं विचारलं नाही. आम्ही तिघं एका घरात राहत होतो आणि भांडी तेवढी वाजत होती.

लोक म्हणतील, म्हाताऱ्या माणसाला माफ करावं. करते. पण माफ केलं की दिसायला लागतं असं नाही ना.

नंबर

अखेर बुरशी मेली. डॉक्टरीण खूश होती. म्हणाली, डोळा वाचला, काढावा लागला नाही, तुम्ही नशीबवान. गोळी बंद. दोन-तीन दिवसांत रंगही गेले. मी कोणाला सांगितलं नाही, पण त्या रात्री मी उशीत तोंड खुपसून रडले. आता रडायला परवानगी होती.

बुबुळावर दाट पांढरा डाग राहिला. त्यातून उजेड कळतो, समोर हात हलवला तर हलतंय एवढं कळतं. कोणाचा हात ते कळत नाही. आता उपाय एकच, डॉक्टरीण म्हणाली. मेलेल्या माणसाचं बुबुळ काढून बसवायचं. ते नेत्रपेढीत येतं, ज्याचा नंबर त्याला मिळतं. नाव घातलंय, फोन येईल.

आमच्याकडे डोळे देत नाहीत. डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळं होऊन येतात म्हणतात. मामाजी, म्हणजे माझे सासरे, वारले तेव्हा कोणीतरी विचारायला आलं होतं, तर याच आत्याबाईंनी त्याला अंगणातून हाकललं होतं.

परवा मी मेथीच्या जुड्या बांधत होते. आत्याबाई येऊन समोर बसल्या. कितीतरी दिवसांनी बसल्या. एक जुडी घेतली, सुतळी गुंडाळली.

"मी मेलो की माया डोया काढजा," म्हणाल्या. "ऑपरेशन झालेला चालते काय?"

"चालते."

"मंग तुले लावजा."

"तसं नसते, आत्याबाई. तो पेढीत जाते. ज्याचा नंबर त्याले भेटते. तुमचा मलेच भेटन असं नाई."

हा सौदा त्यांना काही पटला नव्हता. दुसरी जुडी बांधली.

"म्हंजे तुले कोनाचा भेटन?"

"कोनाचाही. कोनी मेलं की."

"म्हंजे तू कोनी मरायची वाट पाहून राह्यली."

"हो," मी म्हटलं. "रोज पाह्यतो."

हे मी कोणाजवळ बोलले नव्हते, ह्यांच्याजवळही नाही. आत्याबाईंनी कानाला हात लावला नाही, राम राम म्हटलं नाही. नुसती मान हलवली.

तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर. माझे हात मातीचे, म्हणून त्यांनीच उचलून माझ्या कानाला लावला. कोणीतरी पोरगी कसल्याशा योजनेबद्दल बोलत होती, बटण दाबायला सांगत होती. मी मान हलवली, त्यांनी फोन खाली ठेवला.

"कोन मेलं वं?" त्यांनी विचारलं.

"कोनीच नाई."

"अरे देवा," आत्याबाई म्हणाल्या, आणि त्यांचं तोंड माझ्यासारखंच पडलं. मग आम्ही दोघी उरलेली मेथी बांधत बसलो.